मराठी फ्रीलान्स लेखन: नमुन्यापासून पहिल्या बिलापर्यंत

"मला मराठी चांगलं लिहिता येतं, घरी बसून काही काम मिळेल का?" लेखन-भाषांतराची कामं वाटणाऱ्या माणसाकडे हा निरोप सतत येतो. त्याला उत्तर देता येत नाही, कारण काय लिहिता येतं, किती वेळात आणि किती पैशांत, यातलं काहीच त्यात नसतं.

बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी चार-पाच साइटवर खाती उघडायची, लोगो करून घ्यायचा, फेसबुकवर घोषणा करायची आणि वाट बघायची. कोणी नमुना मागितला की धावपळ. दर विचारला की "तुम्ही द्याल ते". काम देऊन झालं की पैसे कधी मिळणार हे विचारायला संकोच. हाच क्रम उलटा करायचा आहे: आधी कामाचा प्रकार, मग नमुने, मग दर आणि सगळ्यात शेवटी खाती व घोषणा.

मी असं धरतो आहे की तुमची मराठी पक्की आहे, इंग्रजी वाचून कळतं आणि येत्या महिन्याचा घरखर्च या कामावर अवलंबून नाही. तो असेल तर हातातली नोकरी सोडू नका. पहिलं काम मिळणं आणि त्याचे पैसे खात्यात येणं, यात दोन-तीन महिने सहज जातात.

टप्पा १: काम कोणतं, ते आधी ठरवा

"सगळ्या प्रकारचं लेखन करतो" असं सांगणाऱ्याला कोणतंच काम पटकन आठवणीने दिलं जात नाही. मराठीत पैसे मिळतात अशी कामं साधारण ही:

इंग्रजीतून मराठी भाषांतर. मोबाइल ॲप, बँका, विमा कंपन्या, दवाखान्यांचे संमतिपत्रक, कंपन्यांचं प्रशिक्षण साहित्य. सगळ्यात नियमित काम हेच, आणि ते बहुतेक भाषांतर एजन्सींमार्फत येतं. सध्या यातला मोठा भाग मशीनने केलेलं भाषांतर सुधारण्याचा असतो. त्याचा दर कमी असतो, पण कच्चा मजकूर वाईट असेल तर वेळ मात्र नव्याने लिहिण्याइतकाच जातो. म्हणून अशा कामाला हो म्हणण्याआधी त्यातली दोन पानं मागून घ्या.

व्हिडिओ आणि ऑडिओच्या संहिता. इथे लिहिलेलं कोणीतरी बोलणार असतं, त्यामुळे छापील वळणाची वाक्यं चालत नाहीत.

मुद्रितशोधन आणि संपादन. प्रकाशक, मासिकं, दिवाळी अंक, स्वखर्चाने पुस्तक काढणारे लेखक. कामं छोटी असतात, पण ओळखी याच वाटेने होतात.

शब्दांकन. निवृत्त शिक्षक, उद्योजक, कार्यकर्ते यांच्या आठवणी ऐकून पुस्तकरूपात लिहून देणं. पैसे बरे, काम लांबलचक, आणि मध्येच कुटुंबातल्या कोणाला तरी एखादं प्रकरण नकोसं होतं.

संस्थांचा मजकूर. पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने, शाळा यांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, वेबसाइट. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे अहवालांची घाई जून ते ऑगस्टमध्ये असते. दिवाळी अंकांची लगबगही पावसाळ्यातच. या गिऱ्हाइकांना गाठायचं तर मे महिन्यात. ऑगस्टअखेर विचारलं तर "यंदाचं झालं हो" हेच ऐकाल.

कविता, ललित, कथा जरूर लिहा, पण महिन्याच्या हिशोबात धरू नका. कित्येक दिवाळी अंक मानधन देत नाहीत, आणि देतात तेही उशिरा.

यातलं एक मुख्य काम निवडा आणि एक जोडीचं. निवडताना आवडीपेक्षा आधीच्या अनुभवाकडे बघा. दहा वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने लिहिलेला कर्जाच्या अटींचा मजकूर आणि कोणा हौशी लेखकाने लिहिलेला, यातला फरक दुसऱ्या ओळीत कळतो. नर्स, शेतकरी, वकिलाकडचा कारकून, शिक्षिका यांच्याकडे विषय तयार आहे. नव्याने कमवायचं आहे ते फक्त लेखनाचं तंत्र.

तपासा: "मी अमुक लोकांसाठी अमुक प्रकारचा मजकूर लिहितो" हे एका वाक्यात सांगता येतं का? वाक्यात "वगैरे" आलं तर अजून ठरलेलं नाही.

टप्पा २: टायपिंग आणि फाइल

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि इथेच सर्वाधिक लोक बाद होतात.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कोणत्याही संगणकावर तसाच उघडणाऱ्या अक्षर-पद्धतीत. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. काही छापखाने अजून ते फॉन्ट वापरतात, पण रूपांतर त्यांना करू द्या. तुमची मूळ प्रत युनिकोडमध्येच ठेवा.

कीबोर्ड कोणताही चालेल. उच्चारानुसार टाइप करण्याची पद्धत लवकर जमते, इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी) शिकायला काही आठवडे लागतात पण पुढे वेग चांगला मिळतो. काहीही वापरा, पण मराठीची खास अक्षरं आली पाहिजेत. "दऱ्या", "वाऱ्यावर", "सुऱ्या" हे शब्द लिहून बघा. "दर्या" म्हणजे समुद्र, "दऱ्या" म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. कीबोर्डला फरक करता येत नसेल तर तुमच्या लेखात सह्याद्रीत समुद्र येईल. इनस्क्रिप्टमध्ये या अर्ध्या अक्षरासाठीचा ऱ शिफ्ट धरून जे दाबल्यावर मिळतो. तसंच "ॲप", "ऑफिस" यांतले स्वर नीट उमटतात का बघा.

फोनवर लिहून फोनवरूनच पाठवणारे पुष्कळ आहेत. पहिल्या मसुद्याला फोन ठीक आहे, बोलून टाइप करण्याची सोयही उत्तम. पण तक्ते, शेरे आणि दुरुस्त्यांच्या खुणा असलेली फाइल फोनवर सांभाळता येत नाही. जुना लॅपटॉप पुरतो.

शुद्धलेखनासाठी महाराष्ट्र शासनाने मान्य केलेले साहित्य महामंडळाचे नियम धरा. १९६२ साली १४ नियम आले, १९७२ साली आणखी ४ जोडले गेले. एकूण अठराच आहेत आणि दोन बैठकांत वाचून होतात. "माहिती", "पद्धत", "परंतु", "विद्यार्थी" या रोजच्या शब्दांत चुका असतील तर पुढचं कोणी वाचत नाही. सरकारी किंवा तांत्रिक शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन शोधता येतात. मात्र कोशात आहे म्हणून तो शब्द वाचकाला कळेलच असं नाही. बँकेच्या ॲपमध्ये "पासवर्ड" लिहायचं की "परवलीचा शब्द", हे गिऱ्हाइकाच्या जुन्या मजकुरात बघून ठरवा.

तपासा: एक पान टाइप करा, स्वतःला ईमेल करा आणि दुसऱ्या कोणाच्या संगणकावर उघडा. तिथे दिसेल तोच तुमचा मजकूर.

टप्पा ३: तीन नमुने, मागणी येण्याआधी

नमुना म्हणजे कॉलेजच्या अंकातला लेख नव्हे. ज्या प्रकारचं काम हवं आहे, त्याच प्रकारचा, त्याच लांबीचा मजकूर. कोणी काम दिलेलं नसलं तरी तो तयार करता येतो.

भाषांतर करायचं असेल तर एखाद्या सार्वजनिक इंग्रजी माहितीपत्रकातले ३०० शब्द घ्या. बँकेच्या ठेवींची माहिती, लसीकरणाची पत्रिका, मिक्सरच्या वापराच्या सूचना. मूळ डावीकडे, मराठी उजवीकडे, असा दोन रकान्यांचा तक्ता करा. तपासणाऱ्याला असंच हवं असतं. संहिता लिहायची असेल तर दोन मिनिटांची लिहा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचा. कागदावर दोन मिनिटांची वाटलेली संहिता वाचताना बहुधा तीन मिनिटांची निघते. मुद्रितशोधनासाठी एखादं अशुद्ध पान दुरुस्त्यांच्या खुणांसह दाखवा.

तीन नमुने पुरे. एक सोपा, एक माहितीने भरलेला आणि एक तुमच्या खास विषयातला. वीस नमुने पाठवले तर वाचणारा त्यातला सगळ्यात कच्चा आधी उघडतो, असा माझा अनुभव आहे.

नमुना लिहिल्यावर एक रात्र जाऊ द्या. सकाळी मोठ्याने वाचा आणि श्वास अपुरा पडेल तिथे वाक्य तोडा. "च्या माध्यमातून", "करण्यात येत आहे", "यशस्वीरीत्या" यांतलं काय काढता येतं बघा. बहुतेक वेळा तिन्ही काढता येतात. मग ज्याच्यासाठी लिहिलंय तसा एक वाचक गाठा. ठेवींची माहिती लिहिली असेल तर आईला किंवा शेजारच्या काकांना वाचायला द्या आणि "मुदतीआधी पैसे काढले तर काय होईल?" असं विचारा. त्यांना उत्तर सापडलं नाही तर दोष मजकुराचा.

सावधान: एआयकडून नमुना लिहून घेऊन पाठवू नका. नैतिकतेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी व्यवहार असा की पुढे चाचणी येते, वेळ लावून, आणि दोन्ही मजकुरांतला फरक लपत नाही. गिऱ्हाइकाचा गोपनीय मजकूर तर फुकटच्या ऑनलाइन साधनात कधीच टाकू नका.

नमुने एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची सगळ्यांना उघडणारी लिंक तयार करा. वेबसाइट आत्ता नको.

टप्पा ४: दर काढा

दर बाजारात विचारून काढू नका. आधी स्वतःचा काढा, मग बाजाराशी ताडून बघा.

समजा महिन्याला २५,००० रुपये हवेत. इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज मिळून ३,००० धरा. म्हणजे २८,०००. महिन्यात २५ दिवस, रोज सहा तास, म्हणजे १५० तास. पण हे सगळे तास पैशांचे नसतात. काम शोधणं, फोन, बिलं, दुरुस्त्या यांत सुरुवातीला बराच वेळ जातो, म्हणून ९० तासच पैशांचे धरा. २८,००० भागिले ९० म्हणजे तासाला साधारण ३११ रुपये.

आता कामाला किती वेळ लागतो ते मोजा. १,००० शब्दांच्या लेखाला माहिती, मसुदा आणि दुरुस्ती धरून पाच तास लागत असतील तर लेखाचे साधारण १,५५५ रुपये, शब्दाला दीड रुपयाच्या वर. भाषांतर तासाला ३०० शब्द होत असेल तर शब्दाला रुपया आणि वर थोडे पैसे. कोणी शब्दाला ३० पैसे देऊ केले तर तुमचा तास ९० रुपयांचा झाला. घ्यायचं की नाही, हे आकडा समोर ठेवून ठरवा. शिकण्यासाठी एखादं काम असं घेतलं तर हरकत नाही, पण तो कायमचा दर नव्हे.

भाषांतरात एक खोच आहे. शब्द कोणत्या भाषेतले मोजायचे? मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. "इन द हाउस" हे तीन शब्द, "घरात" हा एक. त्यामुळे हजार इंग्रजी शब्दांचं भाषांतर मराठीत बरंच कमी शब्दांत बसतं. दर मूळ इंग्रजी शब्दांवर असेल तरच तुमचा हिशोब जुळेल. "मराठी शब्दांवर देऊ" असं म्हणाले तर दर त्या प्रमाणात वाढवून सांगा.

दिवसाला २,००० ते २,५०० शब्दांचं भाषांतर हे सरावलेल्या माणसाचं काम आहे. सुरुवातीला याच्या निम्म्याचाच शब्द द्या.

आणि नातेवाइकांची कामं. काकांच्या एकसष्टीचं मानपत्र, भाच्याची निमंत्रणपत्रिका. प्रेमाने लिहून द्या, पैसे मागू नका. पण त्यातून "हा फुकट लिहून देतो" अशी जाहिरात होणार असेल तर तिसऱ्या वेळी दर सांगायला शिका.

तपासा: कोणी फोनवर अचानक दर विचारला तर तीन सेकंदांत आकडा सांगता येतो का?

टप्पा ५: काम मागा, पण नेमकं

वाटा तीन आहेत आणि मी याच क्रमाने जायला सांगेन.

पहिली, थेट गिऱ्हाईक. तुमच्या तालुक्यातली पतसंस्था, शाळा, रुग्णालय, बियाण्यांची कंपनी, मसाल्यांचा उद्योग. त्यांची वेबसाइट, माहितीपत्रक, फेसबुक पान बघा आणि एक खरी उणीव शोधा. मग असं काही लिहा:

"नमस्कार. आपल्या संस्थेच्या वेबसाइटवर 'ठेवी' आणि 'कर्ज' ही दोन पानं फक्त इंग्रजीत आहेत. मी सहकारी संस्थांसाठी मराठी मजकूर लिहिते. 'ठेवी' पानाचा पहिला परिच्छेद मराठीत कसा वाचता येईल, तो नमुना सोबत जोडला आहे. दोन्ही पानांचे ३,२०० रुपये होतील आणि मजकूर चार दिवसांत मिळेल. आपल्याला सोयीचं असेल तर बुधवारी कार्यालयात फोन करते."

या पत्रात त्यांचं काम आहे, नमुना आहे, आकडा आहे, दिवस आहे. "लहानपणापासून लेखनाची आवड" नाही. पत्र पाठवल्यावर बुधवारी खरंच फोन करा. निम्मे लोक तो करत नाहीत.

दुसरी वाट, एजन्सी. यांच्या वेबसाइटवर भाषांतरकारांसाठी अर्ज असतो. अर्जात भाषांची जोडी, विषय, रोजची शब्दसंख्या आणि दर एवढं स्पष्ट लिहा. एजन्सी चाचणी देते. २००-३०० शब्दांची चाचणी फुकट करण्याचा रिवाज आहे. दोन हजार शब्दांची "चाचणी" आली तर ते फुकटात करून घेतलेलं काम असण्याची शक्यता मोठी. नम्रपणे निम्म्याहून कमी करून द्या किंवा पैसे मागा. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानातलं राष्ट्रीय अनुवाद मिशन भाषांतरकारांची नोंदवही ठेवतं, तिथेही नाव घालता येतं.

तिसरी, अपवर्क, फायवर, प्रोझ अशा साइट आणि लिंक्डइन. आता खातं उघडा, कारण आता दाखवायला नमुने आहेत. फायवर कमाईतले २० टक्के कापून घेतं, म्हणजे हजाराच्या कामाचे आठशे हाती. दर लावताना हे धरा. अपवर्कवर कामासाठी अर्ज करायलाच "कनेक्ट" नावाची टोकनं खर्च होतात, म्हणून सरसकट अर्ज टाकू नका. परदेशातल्या गिऱ्हाइकाला मराठी वाचता येत नसतं, त्याला विश्वास फक्त वेळेचा आणि उत्तरांचा. मध्यरात्री जागं राहायची गरज नाही, पण आलेल्या निरोपाला त्याच दिवशी उत्तर द्या.

सावधान: काम देण्याआधी नोंदणी फी, "सिक्युरिटी डिपॉझिट", ट्रेनिंग किटचे पैसे मागणारा काम देणारा नसतो. टायपिंग आणि डेटा एंट्रीच्या नावाखाली एक जुना सापळा आहे: आधी "करारा"वर ऑनलाइन सही, मग अशक्य अचूकतेची अट, मग काम नापास, आणि शेवटी वकिलाच्या नावाने नुकसानभरपाईची धमकी. घाबरून पैसे भरू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. धमकीचे निरोप पुसू नका, तेच पुरावे असतात.

टप्पा ६: हो म्हणण्याआधी लेखी अटी

वकिली कराराची गरज नाही. फोनवर बोलणं झालं की त्याच संध्याकाळी एक ईमेल करा, "आज ठरलं ते असं" म्हणून, आणि "बरोबर आहे" एवढं उत्तर मिळेपर्यंत सुरुवात करू नका. ईमेलमध्ये हे हवं:

१. काय लिहायचं, किती शब्द, कोणासाठी.
२. माहिती कोण देणार आणि कधी. मुदत माहिती मिळाल्यापासून मोजायची, फोन झाल्यापासून नव्हे.
३. किती फेऱ्या दुरुस्त्या मोफत. दोन पुरेत. विषयच बदलला तर ती दुरुस्ती नाही, ते नवीन काम.
४. रक्कम, ॲडव्हान्स आणि उरलेले पैसे कधी. नव्या गिऱ्हाइकाकडून थेट काम असेल तर निम्मे आधी मागा. एजन्सी सहसा ॲडव्हान्स देत नाहीत, ३० ते ६० दिवसांनी देतात. ती मुदत आधी विचारा.
५. नाव छापलं जाणार का, आणि हा मजकूर तुम्हाला नमुना म्हणून दाखवता येणार का.
६. आकडे मराठी की इंग्रजी, वाचकाला "तुम्ही" म्हणायचं की "आपण", "करणे" की "करणं". हे आधी विचारलं नाही तर दुरुस्तीची एक आख्खी फेरी यातच जाते.

हक्कांबद्दल थोडं सविस्तर, कारण लोक न वाचता सही करतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखनाचा पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. जाहिरात किंवा वेबसाइटच्या मजकुराचे सगळे हक्क देऊन टाकायला हरकत नाही, दुसरीकडे तो कुठे वापरणार? पण कथा, मालिकेची संकल्पना, ऑडिओ संहिता यांच्या करारात "सर्व माध्यमे, जगभर, कायमस्वरूपी" असं दिसलं तर थांबा आणि त्या शब्दांची किंमत मागा. पुस्तकाचं भाषांतर करत असाल तर भाषांतराचा हक्क मूळ लेखक किंवा प्रकाशकाकडून घेतलेला आहे का, हे आधी विचारा. परवानगी नसलेलं भाषांतर पूर्ण झालं तरी छापता येत नाही.

शब्दांकनात आणखी दोन गोष्टी लिहून घ्या: किती तासांचं ध्वनिमुद्रण आणि मजकुराला अंतिम मान्यता कोण एक व्यक्ती देणार. "घरातले सगळे वाचतील" ही अट मान्य केलीत तर ते पुस्तक संपत नाही.

टप्पा ७: लिहा, तपासा, सोपवा

लेखनाबद्दल फार सांगत नाही, ते तुम्हाला येतं असं धरलं आहे. सोपवण्याबद्दल मात्र सांगायला हवं.

मोठ्या कामाचा पहिला दहावा भाग आधी पाठवा आणि "वळण असंच हवं ना?" विचारा. तीस पानं लिहून झाल्यावर "जरा सोपं हवं होतं" ऐकण्यापेक्षा हे बरं.

शेवटची तपासणी ठरलेल्या क्रमाने करा, एका वेळी एकच गोष्ट. आधी आकडे, तारखा आणि नावं मूळाशी ताडून. मग सुटलेली वाक्यं. भाषांतरात एखादी ओळ गाळली जाणं ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. मग शब्दांची एकवाक्यता, म्हणजे पहिल्या पानावर "ठेवीदार" आणि चौथ्या पानावर "खातेदार" असं होत नाही ना. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. हे सगळं एकदम करायला गेलं की डोळा शुद्धलेखनावर अडकतो आणि व्याजदर चुकीचा राहून जातो.

फाइलच्या नावात गिऱ्हाईक, विषय, तारीख आणि आवृत्ती लिहा. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशा नावांमुळे चुकीची प्रत छापायला गेल्याची उदाहरणं कोणत्याही छापखान्यात ऐकायला मिळतील.

मुदत चुकणार असं दिसलं तर आदल्या दिवशी कळवा, नवीन तारखेसह. मुदतीच्या संध्याकाळी फोन बंद ठेवणाऱ्याला दुसरं काम मिळत नाही, मजकूर कितीही सुंदर असला तरी.

टप्पा ८: बिल, कर आणि वसुली

बिल मजकुरासोबतच पाठवा, "ते मागतील तेव्हा" नाही. त्यात बिल क्रमांक, तारीख, दोघांची नावं-पत्ते, कामाचं वर्णन, शब्दसंख्या, दर, रक्कम, पॅन, बँक खातं आणि मुदतीची तारीख हवी. "लवकरात लवकर" अशी तारीख कॅलेंडरवर नसते.

कंपनीने पैसे कापून पाठवले तर घाबरू नका, तो बहुधा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर असतो. व्यावसायिक शुल्कावर तो १० टक्के आहे, आणि २०२५-२६ पासून एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाले की लागू होतो. काही कंपन्या हेच काम कंत्राट समजून १ टक्का कापतात. पॅन दिला नाही किंवा तो निष्क्रिय असेल तर २० टक्के जातात. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली का, हे आयकराच्या २६एएस विवरणात तपासा आणि रिटर्न भरा. उत्पन्न करपात्र नसेल तर हे पैसे परत मिळतात, पण रिटर्न भरला तरच. कित्येक जण हे पैसे सोडून देतात.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावू नका. परदेशातून पैसे येत असतील तर बँकेची किंवा पेमेंट कंपनीची आवक पावती प्रत्येक वेळी जपून ठेवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र पहिल्या मोठ्या कामाआधी करून घ्या. आधार आणि पॅन लागतो, सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साइट दलालाची समजा. फायदा असा: २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम क्रमांक बिलावर छापा. हिशेबनिसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

मुदत उलटली की दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवा, रागाविना:

"नमस्कार मॅडम, बिल क्र. ७, दिनांक १२ जून, रक्कम ८,४०० रुपये, याची मुदत काल संपली. पेमेंटची तारीख कळवाल का? बिलाची प्रत पुन्हा जोडली आहे."

आठवड्याने तोच निरोप हिशेब विभागालाही पाठवा. काम देणारा आणि पैसे देणारा बहुधा वेगळे असतात, आणि पहिल्याला बिल अडकलं आहे हे माहीतही नसतं. तिसऱ्या वेळी फोन करा आणि फोननंतर ठरलेली तारीख ईमेलवर लिहून टाका. जुने पैसे येईपर्यंत नवीन काम सुरू करू नका. "हे एवढं करून द्या, दोन्हीचं एकदम देतो" या वाक्याला हो म्हणालात की थकबाकी दुप्पट होते. तरीही पैसे आले नाहीत तर उद्यम क्रमांक असलेल्यांना थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी टप्पा ६ मधला ईमेल, सोपवलेल्या फाइलचा ईमेल आणि बिल, हे तीन कागद जोडावे लागतील.